आयएनएस राजपूत (डी-५१), १९८० ते २०२१ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत २१ मे २०२१ रोजी सूर्यास्ताला जिचा ध्वज उतरवला गेला, त्या विनाशिकेबद्दलची ही प्रश्नोत्तरं. सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आधी घेतला आहे. त्याचं उत्तर चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

१९७१ साली ‘गाझी’ बुडाली तेव्हाची राजपूत ती हीच का?

नाही. या नावाच्या दोन विनाशिका भारतीय नौदलात होऊन गेल्या. वर्तमानपत्रांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे दोघींचा गोंधळ होतो.

पहिली राजपूत दुसऱ्या महायुद्धातली. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधलेली ब्रिटिश विनाशिका ‘रॉदरहॅम’ १९४२ मध्ये ब्रिटिश आरमारात दाखल झाली आणि १९४९ मध्ये भारताकडे आली. तिच्याबरोबर ‘रेडर’ आणि ‘रिडाउट’ या दोन भगिनी नौकाही आल्या. त्यांची नावं झाली राणा आणि रणजित. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या मोहिमेत विमानवाहू नौका ‘विक्रांत’बरोबरच्या ताफ्यात होती ती ही जुनी राजपूत. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या बंदरातून लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली बाहेर पडून तिने पाण्याखाली स्फोट होणारे दोन डेप्थ चार्ज टाकले, आणि त्याच रात्री पाकिस्तानची पाणबुडी गाझी बंदराच्या तोंडाशी बुडाली. गाझी कशाने बुडाली यावर आजही दोन मतं आहेत. भारतीय नौदल श्रेय राजपूतला देतं. पाकिस्तानचं म्हणणं असं, की गाझीनेच पेरलेल्या सुरुंगाने किंवा तिच्या पोटातल्या स्फोटाने ती गेली. पाणबुडीवरचं कोणीच वाचलं नाही, त्यामुळे हा वाद साक्षीने मिटणारा नाही. एवढं मात्र नक्की, की त्या वेळी राजपूत म्हातारी झाली होती आणि बिनीची नौका नव्हती. विक्रांत दूर अंदमानकडे सुरक्षित नेऊन ती विशाखापट्टणमलाच आहे असा भास निर्माण करायचा, हा पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांचा डाव होता आणि राजपूत त्यातलं एक प्यादं होतं.

ती जुनी राजपूत १९७६ मध्ये भंगारात गेली. योगायोग असा, की त्याच वर्षी ११ सप्टेंबरला सोव्हिएत युनियनमध्ये नव्या राजपूतचा कणा बसवला गेला.

झटपट ओळखायचं असेल तर साल बघा. घटना १९८० च्या आधीची असेल तर नौका जुनी. नौकेच्या अंगावर ‘डी ५१’ असेल तर ती नवी.

नवी राजपूत कुठे बांधली गेली? रशियात का?

‘रशियात’ म्हणणं सोपं पडतं, पण ते बरोबर नाही. बांधणी झाली काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव शहरात, ‘६१ कम्युनार्ड’ या गोदीत. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला मिकोलाईव म्हणतात. १७ सप्टेंबर १९७७ रोजी जलावतरण झालं. भारताच्या ताब्यात देण्याचा समारंभ ४ मे १९८० रोजी पोटी बंदरात झाला. पोटी आज जॉर्जियात आहे. भारताचे तेव्हाचे सोव्हिएत युनियनमधले राजदूत इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते नौका सेवेत दाखल झाली. हेच गुजराल पुढे पंतप्रधान झाले. पहिले कमांडिंग ऑफिसर होते कॅप्टन गुलाब मोहनलाल हिरानंदानी. ते पुढे व्हाइस अ‍ॅडमिरल झाले, नौदलाचे उपप्रमुख झाले, आणि निवृत्तीनंतर नौदलाचा इतिहास लिहिण्याचं मोठं काम त्यांनी केलं.

रशियन नाव ‘नादेझ्नी’. त्याचा अर्थ ‘आशा’ का?

बातम्यांत तसं छापून येतं. ‘आशा’ साठी रशियन शब्द ‘नादेझ्दा’. ‘नादेझ्नी’ हे त्याच कुळातलं विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘भरवशाचा’. सोव्हिएत नौदलात अशा नौकांना विशेषणांची नावं देण्याची रीत होती. रणजितचं मूळ नाव ‘लोव्की’ होतं, म्हणजे चपळ.

ही नेमक्या कोणत्या वर्गाची विनाशिका? भगिनी नौका किती?

सोव्हिएत आराखडा ‘६१’ चा भारतासाठी केलेला अवतार म्हणजे ‘६१ एमई’. नाटोच्या भाषेत मूळ वर्गाचं नाव ‘काशिन’. भारताने अशा पाच घेतल्या: राजपूत (१९८०), राणा (१९८२), रणजित (१९८३), रणवीर (१९८६) आणि रणविजय (१९८७). पहिल्या तीन नावांत महायुद्धातल्या तिन्ही जुन्या नौकांची नावं पुन्हा आली. पहिल्या तिघी आणि शेवटच्या दोघी यांत फरक आहे. जवळच्या माऱ्यासाठी पहिल्या तिघींवर ३० मिलिमीटरच्या जुळ्या नळ्यांच्या एके-२३० तोफा होत्या, तर रणवीर-रणविजयवर सहा नळ्या गरगर फिरवणाऱ्या एके-६३० आल्या. छायाचित्रावरून ओळखायचं असेल तर तिथे बघा.

मूळ सोव्हिएत काशिन आणि भारतीय राजपूत यांतला फरक अधिक मजेशीर आहे. सोव्हिएत नौकेवर पुढे एक आणि मागे एक अशा ७६ मिलिमीटरच्या दोन जुळ्या तोफा होत्या. भारताने मागची तोफ काढायला लावली आणि त्या जागी हेलिकॉप्टरचा डेक घेतला. हेलिकॉप्टरची खोली डेकच्या खाली, आणि तिथे ने-आण लिफ्टने. एवढ्याशा जहाजात लिफ्ट बसवणं ही विमानवाहू नौकेची चैन झाली, पण दुसरीकडे जागाच नव्हती. दुसरा फरक क्षेपणास्त्रांच्या तोंडाचा. सोव्हिएत सुधारित काशिनवर नौकाविरोधी क्षेपणास्त्रं मागच्या बाजूला तोंड करून बसवली होती, कारण शत्रूच्या ताफ्यावर पाळत ठेवायची आणि वेळ आली की पळता पळता मारायचं असा तिचा धंदा. राजपूतवर तीच क्षेपणास्त्रं ब्रिजच्या, म्हणजे नौका हाकायच्या खोलीच्या, दोन्ही अंगांना, तोंड पुढे करून बसली. नौकेकडून काय अपेक्षा आहे, हे एवढ्यावरून कळतं.

आकार, वेग, माणसं?

लांबी सुमारे १४७ मीटर, रुंदी जेमतेम १६ मीटर. वजन ३,९५० टन की ४,९७४ टन, असा वाद लोक घालतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला प्रमाणित वजनाचा, दुसरा इंधन, पाणी, दारूगोळा भरून झाल्यावरचा. कुठल्याही दोन युद्धनौकांची तुलना करताना दोघींचे एकाच जातीचे आकडे घ्या, नाहीतर हजार टनांचा फरक हवेतून तयार होतो.

कमाल वेग ३५ नॉट, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. माणसं सव्वातीनशेच्या आसपास.

शस्त्रं कोणती होती?

पुढे ७६ मिलिमीटरची एक जुळी तोफ. एके-२३० चार. विमानांविरुद्ध ‘व्होल्ना’ क्षेपणास्त्रांचे दोन लाँचर, एक पुढे आणि एक मागे. (या क्षेपणास्त्राला नाटोने दिलेलं टोपणनाव ‘गोवा’. जमिनीवरून वा नौकेवरून विमानावर मारायच्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांना ‘जी’ अक्षरावरून नावं देण्याची त्यांची पद्धत, एवढंच त्यामागचं कारण. पणजीशी काही संबंध नाही.) पाणबुडीविरुद्ध बारा नळ्यांचे दोन आरबीयू-६००० रॉकेट लाँचर. त्यांचा पल्ला सहा किलोमीटरपर्यंत, आणि पुन्हा भरताना नळ्या सरळ आकाशाकडे उभ्या राहतात व खालच्या कोठारातून रॉकेट वर येतात. शिवाय ५३३ मिलिमीटरच्या पाच टॉर्पेडो नळ्यांचा एक जुडगा. आणि मुख्य म्हणजे पी-२०एम जातीची चार नौकाविरोधी क्षेपणास्त्रं.

पी-२०एम म्हणजे कराची जाळणारी क्षेपणास्त्रंच ना?

त्याच घराण्यातली, पण पुढची पिढी. १९७१ च्या डिसेंबरात क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर डागलेल्या पी-१५ चा पल्ला सुमारे ४० किलोमीटर होता. पी-२०एमचा सुमारे ८०. वेग दोघांचाही ध्वनीपेक्षा कमी.

या क्षेपणास्त्रांची खरी डोकेदुखी त्यांचं द्रवरूप इंधन. एका टाकीत अमाइन जातीचं इंधन, दुसरीत नायट्रिक आम्लावर आधारलेला ऑक्सिडायझर. दोन्ही एकमेकांना भेटले की ठिणगीशिवाय पेट घेतात. म्हणून इंजिन सुरू होणं खात्रीचं, पण गळती झाली तर धोकाही तितकाच खात्रीचा. ऑक्सिडायझर धातू खातो, त्याची वाफ फुप्फुसं जाळते. त्यामुळे इंधन भरलेलं क्षेपणास्त्र वर्षानुवर्षं नळकांड्यात ठेवता येत नाही. ठरावीक मुदतीने ते उतरवायचं, रिकामं करायचं, धुवायचं, टाक्या आणि सील तपासायचे. हे काम रबरी पोशाख आणि श्वसनयंत्र घालून, आणि दोन्ही द्रव्यांची भरणी कधीही एकाच वेळी न करता. घन इंधनावर चालणाऱ्या, डब्यात बंद अशा पुढच्या पिढीच्या क्षेपणास्त्रांकडे नौदलं वळली त्यामागे पल्ल्याइतकंच हे धुणं-पुसणंही आहे.

तिला ‘गाणारी’ नौका का म्हणत?

काशिन वर्गाला सोव्हिएत नौसैनिकांनी ‘गाणारी फ्रिगेट’ हे नाव ठेवलं, गॅस टर्बाइनच्या, म्हणजे जळत्या वायूच्या झोतावर फिरणाऱ्या इंजिनाच्या, शिट्टीसारख्या आवाजावरून. केवळ गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या मोठ्या युद्धनौकांचा हा जगातला पहिला वर्ग. त्यातली पहिली नौका १९६२ मध्ये सेवेत आली, तेव्हा इतर आरमारं अजून मुख्यतः बॉयलर आणि वाफेवरच होती.

राजपूतमध्ये चार टर्बाइन, दोन शाफ्ट, एकूण सुमारे ७२,००० अश्वशक्ती. एका शाफ्टला दोन टर्बाइन गिअरबॉक्समधून जोडलेली. सगळा डाव या जोडणीत आहे. हळू चालायचं तर एका शाफ्टवर एकच टर्बाइन चालवायचं, दुसरं बंद. पूर्ण वेग हवा तर चारही. वाफेच्या जहाजाला बॉयलर तापवून निघायला तास लागतात. गॅस टर्बाइनवालं जहाज काही मिनिटांत निघू शकतं.

या सोयीची किंमत इंधनात मोजावी लागते. गॅस टर्बाइन पूर्ण भाराजवळ चांगलं वागतं, पण अर्ध्या भारावर त्याची भूक कामाच्या मानाने कमी होत नाही. १८ नॉटने राजपूत सुमारे ४,००० मैलांचा पल्ला गाठायची. तोच वेग ३० नॉट केला की पल्ला २,६०० मैलांवर यायचा. दूरच्या फेरीवर म्हणूनच टँकर जहाज बरोबर लागतं.

या टर्बाइनमध्ये काय बिघडतं?

पहिला शत्रू मीठ. टर्बाइन प्रचंड हवा ओढतं आणि समुद्रावरच्या हवेत खारट तुषार असतात. गाळण्यांतून सुटलेलं मीठ हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर थर धरतं. पात्यांचा आकार बिघडला की दाब कमी मिळतो, तेवढीच शक्ती काढायला इंधन जास्त जाळावं लागतं, आणि बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान चढतं. इंजिन रूममधला जाणता माणूस हे तापमान रोज लिहून ठेवतो. भार तोच असून आकडा आठवड्यागणिक वर सरकत असेल तर कॉम्प्रेसर धुवायला झाला. धुणं क्षारमुक्त पाण्याने, टर्बाइन थंड झाल्यावर, स्टार्टरवर नुसतं फिरवत. मग निथळू द्यायचं आणि थोडा वेळ चालवून कोरडं करायचं. घाईत गरम टर्बाइनमध्ये पाणी सोडलं तर पात्यांना तडे जातात.

दुसरा शत्रू आपला उन्हाळा. गरम हवा विरळ, म्हणून तापमानाच्या प्रत्येक अंशामागे शक्ती अर्धा ते एक टक्का घटते. काळ्या समुद्राच्या थंडीत घेतलेल्या चाचणीचा वेग मे महिन्यात मुंबईबाहेर मिळत नाही, यात टर्बाइनचा दोष नसतो. कोमट समुद्रात शीतकरणाचीही तीच रड. उष्ण कटिबंधात वाढणारं शेवाळ आणि तळाला चिकटणारे शिंपले त्यात भर घालतात. तळ खरवडायला सुकी गोदी मिळाली नाही तर एकदोन नॉट सहज जातात.

तिसरी गोष्ट दिसत नाही, पण सर्वांत चिवट. काशिनचं शरीर पोलादी आणि वरचा इमला अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. सांध्याजवळचं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू पांढरी भुकटी होऊन झिजतं. इलाज एकच: सांध्यातला विद्युतरोधक थर आणि रंग शाबूत ठेवणं, तो उखडला की खरवडून पुन्हा देणं. हलका इमला वरचं वजन कमी ठेवतो, पण आगीत तो टिकत नाही. याच वर्गातली सोव्हिएत ‘ओत्वाझ्नी’ ३० ऑगस्ट १९७४ रोजी काळ्या समुद्रात मागच्या क्षेपणास्त्र कोठाराला आग लागून बुडाली आणि २४ जण गेले.

सोव्हिएत युनियन कोसळल्यावर सुट्या भागांचं काय झालं?

पंचाईत झाली. १९९१ पूर्वी सगळी मागणी मॉस्कोला एका खिडकीवर जायची. नंतर बांधणारी गोदी युक्रेनमध्ये, टर्बाइन करणारा कारखानाही त्याच मिकोलाईवमध्ये, क्षेपणास्त्रं आणि रडार बव्हंशी रशियात. एकाच जहाजाचे भाग दोन देशांत, आणि कित्येक छोटे पुरवठादार कायमचे बंद. ज्या भागाचा कारखानाच उरला नाही तो एक तर भारतात बनवून घ्यायचा, नाहीतर रिफिटमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, असलेल्या भगिनी नौकेवरून काढून आणायचा. दुसरा मार्ग तात्पुरता सोपा वाटतो, पण त्यात दोन्ही जहाजांच्या नोंदी गढूळ होतात. कुठला पंप किती तास चालला, हे नंतर कोणालाच नीट सांगता येत नाही.

यातून निघालेली चांगली गोष्ट म्हणजे टर्बाइनची मोठी दुरुस्ती देशात होऊ लागली. विशाखापट्टणमला नौदलाचं गॅस टर्बाइन दुरुस्ती केंद्र ‘आयएनएस एकशिला’ २००० साली सुरू झालं. टर्बाइनची पेटी जहाजातून उचलून तिथे न्यायची आणि तयार केलेली दुसरी खाली बसवायची, अशी पद्धत. जहाज त्यासाठी महिनोन्‌महिने अडकून पडत नाही.

तिने युद्धात क्षेपणास्त्र डागलं का?

नाही. १९७१ नंतर भारतीय नौदलावर शत्रूच्या जहाजावर क्षेपणास्त्र डागण्याची वेळ आली नाही. पण म्हणून तिची सेवा नुसती संचलनाची नव्हती. श्रीलंकेत शांतिसेना असताना अमन आणि पवन या मोहिमांत ती त्या किनाऱ्यावर गस्तीला होती. पाल्कची सामुद्रधुनी उथळ. आत शिरून संशयित होड्या तपासायचं काम लहान बोटींचं. विनाशिका बाहेर खोल पाण्यात राहून रडारची छत्री धरते, लहान बोटींना इंधन-पाणी देते आणि गरज पडली तर तोफेचा धाक.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधलं बंड मोडणाऱ्या ‘कॅक्टस’ मोहिमेतही तिचं नाव आहे. मात्र ओलिसांना घेऊन पळणाऱ्या ‘प्रोग्रेस लाइट’ जहाजाला गाठून रोखण्याचं काम गोदावरी आणि बेतवा या फ्रिगेटींनी केलं. लक्षद्वीपजवळच्या ‘क्रोजनेस्ट’ मोहिमेचीही नोंद तिच्या नावावर आहे.

मुंबई हे तिचं पहिलं घर. १९८८ मध्ये ती विशाखापट्टणमला पूर्व ताफ्यात गेली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. त्यामुळे मुंबईकरांना तिची ओळख कमी आणि आंध्रकडच्यांना जास्त.

मग तिला एवढं महत्त्व कशामुळे?

ब्रह्मोसमुळे. आमच्या मते राजपूतच्या सेवेतला हा सर्वांत वजनदार भाग आहे, आणि तो तिच्या म्हातारपणी आला.

भारत-रशियाच्या या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी जून २००१ मध्ये चांदीपूरच्या किनाऱ्यावरून झाली. पुढे नौकेवरून मारून बघायला जहाज लागणार होतं, आणि त्यासाठी नवीकोरी नौका कोणी कापून देत नाही. राजपूत वीस वर्षं जुनी, पण अंगाने भक्कम. तिची पी-२०एमची दोन नळकांडी काढली आणि तिथे प्रत्येकी दोन ब्रह्मोसच्या दोन पेट्या तिरक्या बसवल्या. उरलेली जुनी दोन तशीच ठेवली. म्हणजे एकीकडे विसाव्या शतकाच्या मध्याचं घराणं आणि दुसरीकडे ध्वनीच्या पावणेतीन पटींहून वेगवान, २९० किलोमीटर पल्ल्याचं क्षेपणास्त्र, असं ते विचित्र जहाज होतं.

हे नुसतं नटबोल्ट बदलण्याचं काम नाही. एका बाजूला वजन वाढलं की जहाज कलतं, म्हणून दुसऱ्या बाजूला समतोल साधावा लागतो. अडीच-तीन टनांचं क्षेपणास्त्र सुटतानाचा धक्का डेकला सोसायला खालून कैच्या द्याव्या लागतात. ज्वाळेच्या मार्गातली उपकरणं, शिड्या, अँटेना हलवाव्या लागतात. जहाजाचं स्थान, वेग, डोलणं ही माहिती क्षेपणास्त्राला सतत द्यावी लागते, आणि १९७० च्या दशकातले सोव्हिएत होकायंत्र-संच आणि नव्या जमान्याचा संगणक यांची बोली वेगळी. मध्ये दुभाषा बसवावा लागतो.

२००५ पासून ब्रह्मोस घेऊन फिरणारी पहिली नौका राजपूत. ५ मार्च २००८ रोजी तिच्यावरूनच जमिनीवरचं लक्ष्य साधलं गेलं. अनेक वस्तूंच्या घोळक्यातून नेमकं हवं तेच लक्ष्य वेचून मारायचं, हा त्या चाचणीचा मुद्दा होता. त्याच वर्षी १८ डिसेंबरला उभ्या नळीतून सोडण्याची चाचणी भगिनी नौका रणवीरने केली.

४१ वर्षांत ती किती फिरली?

नौदलाने दिलेला आकडा ७,८७,१९४ सागरी मैल, म्हणजे साधारण साडेचौदा लाख किलोमीटर. पृथ्वीला साडेछत्तीस प्रदक्षिणा, किंवा चंद्राच्या अंतराच्या ३.८ पट. या उपमा छान वाटतात, पण जहाजाचं आयुष्य समजायला रणजितचे आकडे जास्त उपयोगी. तिची नोंद २,१९० दिवस समुद्रावर आणि ७,४३,००० मैल अशी आहे. भागाकार करा: दिवसाला ३३९ मैल, म्हणजे सरासरी जेमतेम १४ नॉट. ३५ नॉटची नौका आयुष्यभर १४ नॉटने चालली. कारण वर सांगितलेली टर्बाइनची भूक.

दुसरा भागाकार अधिक बोलका. रणजित १५ सप्टेंबर १९८३ ते ६ मे २०१९ सेवेत होती, म्हणजे सुमारे १३,००० दिवस. त्यातले समुद्रावर २,१९०. सहा दिवसांतला एक. उरलेले पाच धक्क्याला, सुक्या गोदीत, रिफिटमध्ये, चाचण्यांच्या तयारीत. यात रणजितची हलगर्जी काही नाही. या जातीच्या जहाजाचा संसार असाच असतो. राजपूतचा रोजचा वेग तेवढाच धरला तर तिचे समुद्रावरचे दिवस तेवीसशेच्या आसपास येतात. हा आमचा अंदाज, नौदलाचा आकडा नव्हे.

किती कॅप्टन झाले?

एकतीस. म्हणजे सरासरी सोळा महिन्यांना एक. जहाजाचा प्रमुख तो ‘कमांडिंग ऑफिसर’. ‘कॅप्टन’ हा नौदलातला हुद्दा आहे आणि सैन्यदलातल्या कर्नलच्या तोडीचा. सैन्यातल्या कॅप्टनशी बरोबरी करू नका, तो तीन पायऱ्या खाली असतो.

सैन्यावरून आठवलं: लष्कराच्या रेजिमेंटशी जोडली गेलेली भारताची पहिली युद्धनौका राजपूतच. जोडी कोणाशी, हे नावातच आहे: राजपूत रेजिमेंट. घोषवाक्य ‘राज करेगा राजपूत’.

निवृत्ती म्हणजे नेमकं काय करतात?

समारंभ शेवटचा असतो, काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. आधी दारूगोळा आणि क्षेपणास्त्रं उतरवतात. मग इंधन आणि तेल उपसतात आणि टाक्यांतला वायू काढून टाकतात, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त स्फोटक. गुप्त कागदपत्रं, सांकेतिक यंत्रं, रडारचे महत्त्वाचे भाग काढून घेतात. भगिनी नौकांना उपयोगी पडतील असे पंप, झडपा, मोटारी, कधी अख्खं टर्बाइन बाजूला निघतं. घंटा, चिन्हपट्ट, नावाच्या पाट्या स्मृतिचिन्हं म्हणून ठेवतात. शेवटच्या संध्याकाळी राष्ट्रध्वज, नौदलाचा ध्वज आणि निवृत्तीची लांब पताका एकत्र उतरतात.

२१ मे २०२१ ला करोनाची लाट जोरात होती, त्यामुळे समारंभ लहान झाला. त्याच तळावरचे मोजके अधिकारी आणि नौसैनिक हजर होते. वर्षं मोजली तर ४१ वर्षं आणि १७ दिवस.

तिला संग्रहालय का करत नाहीत?

खर्च. तरंगतं जहाज खाऱ्या पाण्यात उभं ठेवणं म्हणजे दर काही वर्षांनी सुकी गोदी, तळाचा पत्रा, रंग, पंप. मुंबईने हा अनुभव ‘विक्रांत’च्या वेळी घेतला. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ती नौका वर्षानुवर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी २०१४ मध्ये भंगारात गेली. किनाऱ्यावर उचलून ठेवलेलं जहाज जास्त टिकतं. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवरची पाणबुडी ‘कुरसुरा’ तशीच वाळूवर चढवून २००२ मध्ये लोकांसाठी उघडली. पण पाणबुडी राजपूतच्या मानाने लहान. पाच हजार टनांची विनाशिका वाळूवर ओढणं वेगळाच मामला.

१९७१ च्या युद्धात रस असलेल्यांनी कुरसुराच्या जवळचं ‘समुद्रातील विजय’ स्मारकही बघावं.

राजपूतचा वारसा मुंबईत कुठे दिसतो का?

माझगाव डॉकमध्ये. १९८० च्या दशकात राजपूत वर्गाची देखभाल करताना चार गॅस टर्बाइनच्या विनाशिकेची नस कळली, आणि देशातच बांधलेल्या पहिल्या मोठ्या विनाशिकांना तो अनुभव कामी आला. माझगावात बांधलेली ‘दिल्ली’ नोव्हेंबर १९९७ मध्ये सेवेत आली, मग ‘मैसूर’ १९९९ मध्ये, ‘मुंबई’ २००१ मध्ये. तिघींच्या पोटात युक्रेनियन टर्बाइन, वजन सुमारे ६,७०० टन.

राजपूत निवृत्त झाल्यावर बरोबर सहा महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२१ रोजी, मुंबईच्या नौदल गोदीत ‘विशाखापट्टणम’ ही विनाशिका दाखल झाली. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन, उभ्या नळ्यांतली १६ ब्रह्मोस, आणि शक्तीला पुन्हा चार गॅस टर्बाइन, तीही मिकोलाईवच्या घराण्यातली.